तुंबलेलं बेसिन

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी फटकळ आहे. मनात आलं की तोंडातून बाहेर पडतं, आणि बाहेर पडलं की मला मोकळं वाटतं. समोरच्याला काय वाटलं असेल याचा विचार मी साधारण दुसऱ्या दिवशी करते. ऑफिसात इतकी वर्षं लोकांनी मला सांभाळून घेतलं, आणि घरात हे सांभाळतात. हे म्हणजे माझे यजमान. इंजिनियर होते, आता रिटायर झालेत, आणि घरातली प्रत्येक बिघडलेली वस्तू आपणच दुरुस्त करायची असा त्यांनी पणच केलाय.

आम्ही करोल बागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हापासून हेच घर. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची खोली रिकामी पडली. आमच्या भागात महाराष्ट्रातून यूपीएससीच्या तयारीला आलेली पोरं पावलोपावली भेटतात. भाजीवाल्याकडे कुणी मराठीत बोललं की मी मागे वळून बघणार, चौकशी करणार, आणि दहा मिनिटांत त्या पोराचा तालुका, बापाचा धंदा आणि ऑप्शनल विषय मला ठाऊक होणार. हे म्हणायचे, ‘एवढी हौस आहे तर एखादीला खोलीच दे की.’ मग एका मुलीला दिली.

ती परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. मुसलमान. हे एरवी मुद्दाम सांगितलं नसतं, पण पुढे जे झालं त्यात त्याचा संबंध आहे. चार ठिकाणी तिला नाव सांगितल्यावर खोली ‘नुकतीच गेली’ होती. ती आमच्याकडे आली, दारातच उभी राहून नाव आधी सांगितलं आणि म्हणाली, ‘काकू, चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी सामान खालीच ठेवून आलेय.’ मी म्हटलं, ‘न चालायला काय झालं? आण वर सामान.’ आणि नंतर आठवडाभर जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटले. आम्ही कसे मोकळ्या मनाचे, इतरांसारखे नाही वगैरे. स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली म्हणा ना.

पोरगी शांत. ‘अभ्यास करायलेय’ म्हणायची आणि खोलीत दिसेनाशी व्हायची. जेवण खालच्या मेसमध्ये. गेल्या वर्षी प्रिलिम थोडक्यात हुकली होती. वडिलांनी तिला दोनच वेळा बसायची परवानगी दिली होती, म्हणजे ही शेवटची. यावेळी जमलं नाही तर गावी परत आणि तिथल्या शाळेत नोकरी, की लगेच लग्न, ते तिलाही माहीत नव्हतं. भिंतीवर तिने उरलेल्या आठवड्यांचा तक्ता लावला होता आणि एकेक आठवडा निळ्या पेनने खोडत होती.

आता बेसिनचं. आमच्याकडे वॉशबेसिन बाथरूमच्या आत नाही, दाराला लागून बाहेर पॅसेजमध्ये आहे. मार्चमध्ये ते तुंबायला लागलं. आधी पाणी हळू जायचं, मग थांबून राहायचं, मग काळपट पाणी काठापर्यंत आणि वर टूथपेस्टचा फेस. सकाळी चूळ भरायला जावं तर आदल्या माणसाची चूळ आपली वाट बघत बसलेली. शी! प्लंबरला फोन केला. ‘आंटीजी, कल पक्का,’ म्हणाला. त्याचा कल काही उजाडेना. ह्यांनी गरम पाणी ओतलं, सोडा आणि व्हिनेगर ओतलं, रबरी पंपाने फसक फसक केलं. दोन दिवस बरं जायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तळं.

कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. केस! त्या पोरीचे केस कमरेच्याही खाली. असे केस आजकाल बघायला मिळत नाहीत. बेसिनवरच्या आरशात बघून ती विंचरायची, आणि एकदा मी तिथे केसांचं बारीकसं भेंडोळं पडलेलं पाहिलं. झालं, मी निकाल देऊन टाकला. त्यात एका दुपारी मी पॅसेजमध्ये आले तर ती एक पाय उचलून बेसिनमध्ये धूत होती. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात ते. खाली फरशीवर थोडं पाणी सांडलं होतं. तिने पुसायला फडकंही आणलेलं होतं, ते तिच्या खांद्यावर होतं. मी मात्र फक्त पाणी पाहिलं.

‘हे बघ बाई,’ मी म्हटलं, ‘बेसिन तोंड धुवायला असतं. केस तुझ्या खोलीत विंचरत जा. आणि हे पाय-बिय, तुमचं जे काय असेल ते, इथे नको. तुंबतंय ते.’

‘हो काकू,’ ती म्हणाली. बास, एवढंच. फरशी पुसली आणि खोलीत गेली.

‘तुमचं जे काय असेल ते.’ हे शब्द माझ्याच तोंडून निघाले आहेत हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. मला मोकळं वाटलं आणि मी चहा टाकायला गेले.

त्यानंतर तिने बेसिनला हात लावणंच सोडलं. विंचरायची ती खोलीत, खाली वर्तमानपत्र अंथरून. दात घासायची बाथरूममधल्या नळावर. दिवसातून चार-पाच वेळा गच्चीवर जायची. मी म्हटलं, फोनवर बोलायला जात असेल, वय आहे. आणि गंमत बघा, बेसिन तरीही तुंबतच होतं. एखाद्या शहाण्या बाईच्या डोक्यात एव्हाना प्रकाश पडला असता. माझ्या नाही पडला. मी ह्यांना म्हणाले, ‘आधीचे केस आत बसलेत घट्ट, ते कुठे जाणार?’

परीक्षा पाच आठवड्यांवर आली तेव्हा, एका शुक्रवारी सकाळी, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ‘काकू, मी रविवारी दुसरीकडे राहायला जायलेय.’

माझी पोळी तव्यावर तशीच राहिली. ‘अगं, आत्ता? परीक्षा तोंडावर असताना? कुठे?’

जुन्या राजेंद्र नगरात तिच्या एका मैत्रिणीकडे. सगळ्यात वरचा मजला, वर पत्रा, एका खोलीत सहा मुली. ‘तिथून लायब्ररी जवळ पडते,’ ती म्हणाली. लायब्ररी आमच्या घरापासून पायी बारा मिनिटांवर होती. एप्रिल संपत आला होता. पत्र्याखाली दिल्लीच्या उन्हाळ्यात सहाजणी काय अभ्यास करणार, हे मला सांगायला कुणी नको होतं. मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की आधी राग येतो. एवढं केलं हिच्यासाठी! कुणी ठेवून घेत नव्हतं तेव्हा ठेवून घेतलं! मनातल्या मनात मी पुष्कळ बोलले. तोंडाने फक्त ‘बरं, तुझी मर्जी’ म्हटलं, आणि पोळी करपली.

हे वर्तमानपत्र वाचत होते. ती गेल्यावर म्हणाले, ‘लायब्ररी नाही हं ते. काहीतरी बिनसलंय तिचं.’

‘बिनसायला काय झालंय? मी काही बोलले नाही तिला.’

ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि परत वाचायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात हे असं पाहणं मी ओळखते, पण त्या दिवशी दुर्लक्ष केलं.

शनिवारी हे हार्डवेअरच्या गल्लीत गेले आणि एक लांबलचक स्प्रिंगची तार घेऊन आले. पाच मीटर लांब, बोटभर जाड, एका टोकाला मळसूत्रासारखा पीळ आणि दुसऱ्या टोकाला फिरवायचं हँडल. पाईपात सारायची, अडली की हँडल फिरवायचं, मग आतला कचरा पिळात गुंडाळला जातो आणि तारेबरोबर बाहेर येतो. ‘बिल्कुल सोपं आहे,’ हे म्हणाले. बिल्कुल सोपं आहे असं ते म्हणतात तेव्हा मी जुना टॉवेल शोधायला जाते.

बेसिनखाली बादली ठेवली. ह्यांनी खालचा प्लॅस्टिकचा कप फिरवून सोडवला, तर भसकन काळं पाणी आलं, थोडं बादलीत आणि बाकीचं ह्यांच्या पायजम्यावर. वास तर विचारूच नका. पण कपात गाळ सोडून काही नव्हतं. म्हणजे बूच पुढे होतं, भिंतीतल्या पाईपात. हे पाटावर बसून तार आत सारायला लागले, मी मागे टॉर्च धरून उभी.

आणि आता मी काय केलं ते सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मी त्या मुलीला हाक मारली. ती खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होती. ‘जरा इकडे ये गं,’ म्हटलं. उद्या जाणारच आहे, तर जाण्याआधी आपल्या डोळ्यांनी बघू दे, काकू उगाच बोलत नव्हत्या. असा माझा हिशेब. ह्यांनी वर पाहिलं, ‘कशाला तिला?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘तुम्ही तार फिरवा.’

ती येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. हे तार सारत होते. हातभर गेली, दोन हात गेली, मग अडली. ‘सापडलं,’ हे म्हणाले. हँडल फिरवलं, थोडं पुढे, थोडं मागे, परत फिरवलं. तार ताणल्यासारखी झाली. मग हळूहळू बाहेर ओढायला लागले. मी टॉर्च अगदी जवळ नेला.

पिळात गच्च गुंडाळलेला काळा, तेलकट गोळा बाहेर आला. मुठीएवढा. ह्यांनी तो वर्तमानपत्रावर काढला आणि काडीने पसरला. मी केस शोधत होते.

‘अगं,’ हे म्हणाले, ‘ह्या तर वाती आहेत.’

एक गोष्ट मी आत्तापर्यंत सांगितली नाही, कारण त्या क्षणापर्यंत ती माझ्याही डोक्यात आली नव्हती. आमच्या घरी देवाची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासायची नाहीत. सासूबाईंचा दंडक. ते खरकट्याचं सिंक, तिथे उष्टी ताटं पडतात, देवाचं तिथे चालत नाही. बाथरूममध्ये तर नाहीच नाही. म्हणून दर गुरुवारी समई, निरांजन, ताम्हण, घंटा असं सगळं ताटात घेऊन मी पॅसेजमधल्या बेसिनवर घासते. चिंच आणि मिठाने, अगदी लखलखीत. जळक्या वाती मी तुळशीच्या कुंडीत टाकते, केरात टाकत नाही. पण समईच्या कोपऱ्यात तेलात चिकटून बसलेले शेंडे राहतातच. ते पाण्याबरोबर जातात. ताम्हणातल्या अक्षता जातात. चिंचेचा चोथा जातो. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. जुना लोखंडी रुंद पाईप सगळं पोटात घ्यायचा. दिवाळीनंतर ह्यांनी हौसेने नवा प्लॅस्टिकचा पाईप बसवला, बारीक. तिथून सुरुवात झाली असणार.

ह्यांनी तार दुसऱ्यांदा घातली. पुन्हा वाती, फुगून पांढरे झालेले तांदूळ, चिंचेच्या शिरा. आणि केस होते, नाही असं नाही. पाच-सात. बोटभर लांबीचे, अर्धे पांढरे, अर्धे मेंदीने तांबडे झालेले. घरात मेंदी लावणारी एकच बाई आहे.

मी मान वर करून त्या मुलीकडे पाहिलं. मला वाटलं, ती हसेल, किंवा तिचे डोळे तरी म्हणतील, बघा. तसं काही नव्हतं. तिला आश्चर्यही वाटलेलं दिसत नव्हतं.

‘तुला माहीत होतं?’ मी विचारलं.

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी तार खाली ठेवली आणि म्हणाले, ‘सांग बाळा.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘तुम्ही बोललात ना काकू, त्याच दिवशी मी बघितलं होतं. तुम्ही दोघं बाहेर गेल्यावर. म्हटलं, आपलेच केस असतील तर काढून टाकावेत. हेअरपिनने जाळीतून काढायला गेले तर वाती निघाल्या. नंतर आणखी एकदा काढल्या.’

‘मग टाकल्यास कुठे?’ मला खरंच दुसरं काही सुचलं नाही.

‘तुळशीच्या कुंडीत ठेवल्या. तुम्ही ठेवता तशा.’ आणि मग घाईघाईने, माझा गैरसमज होऊ नये म्हणून, ‘हात धुऊनच ठेवल्या, काकू. तुळशीला हात नाही लागू दिला.’

काय सांगू. मला कुणीतरी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. हे पाटावरून उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मला लाज वाटली. लाज हा शब्दही कमी पडेल अशी लाज. दुसरी कुठलीही मुलगी असती, आमच्यातली, साताऱ्याची, नागपूरची, तर त्याच दिवशी हसत सुटली असती, ‘अहो काकू, ह्या तर तुमच्याच वाती!’ आणि मी तिला लटकं रागावून चहा दिला असता.

‘अगं, मग मला सांगितलं का नाहीस? मी रोज तुझ्या नावाने शंख करत होते!’

ती मग म्हणाली, ‘देवाचं होतं ना, काकू. दुसरं काही असतं तर सांगितलं असतं. तुमच्या देवाच्या दिव्यांनी बेसिन तुंबलं, हे माझ्या तोंडून कसं ऐकू आलं असतं?’

ते कसं ऐकू आलं असतं ते मला पक्कं माहीत होतं. मी तिला घरात घेतलं म्हणून सगळ्या गल्लीला सांगत फिरले होते, आणि ती पोरगी माझ्या घरात जपून जपून, एकेक शब्द तोलून राहत होती. आणि मी तिच्याशी बोलताना एकदाही काही तोललं नव्हतं.

मी चुकले असं म्हणणं मला येत नाही. ह्यांना विचारा. चाळीस वर्षांत ह्यांनी ते ऐकलेलं नाही. त्या दिवशी मी ते म्हणाले. फार काही शोभेचं नव्हतं. हातात टॉर्च, पायाशी काळी बादली, आणि मी म्हणाले, ‘मी चुकले गं. तुला बोलले ते चुकलं, आणि ज्या तऱ्हेने बोलले ते तर फारच चुकलं. जाऊ नकोस. परीक्षा होईपर्यंत तरी जाऊ नकोस. त्या पत्र्याखाली तुझं वर्ष फुकट जाईल.’

ती भिंतीला टेकून तशीच उभी. बोटाने ओढणीचं टोक पिळत होती. मला वाटलं, गेली ही. माझ्या तोंडापायी पोरीची शेवटची संधी गेली.

मग ती म्हणाली, ‘काकू, मी थोडं बोलू?’

‘बोल.’

‘रागावणार नाही ना?’

‘नाही.’

आणि ती बोलायला लागली. आधी हळू, मग तिचा आवाज चढत गेला. गच्चीवरच्या टाकीच्या नळाचं पाणी दुपारी किती तापतं ते माहितेय का तुम्हाला, म्हणाली. नमाजाआधी धुताना पाय भाजतात, आणि बाथरूममध्ये ते धुणं मनाला पटत नाही. रोज गार पाण्याची बाटली घेऊन वर जायचं, जिन्यात कुणी भेटलं की काहीतरी खोटं सांगायचं. लायब्ररीत वाचायला बसलं की पुस्तकात अक्षर नाही, तुमचं ते ‘जे काय असेल ते’ ऐकू यायचं. तुम्ही एकदा बोलता आणि विसरून जाता, काकू. आम्हाला ते महिनाभर पुरतं. आणि समोरच्याला बोलायला तुम्ही जागाच ठेवत नाही. माझी आईसुद्धा इतकं टाकून बोलत नाही मला. हे सगळं तिने मला ऐकवलं, माझ्याच पॅसेजमध्ये, हातवारे करून. मध्येच डोळे भरून आले तिचे, ते तिने मनगटाने पुसले आणि पुढे बोलत राहिली. हे काहीतरी समजुतीचं बोलायला वळले, तर मी त्यांना हातानेच गप्प केलं. एरवी मला कुणी अर्धं वाक्य ऐकवलेलं खपत नाही. त्या दिवशी मात्र वाटत होतं, हिने थांबू नये. सगळं बाहेर येऊ दे.

शेवटी तिला दम लागला. ओढणीने तोंड पुसलं. थोडा वेळ त्या वर्तमानपत्राकडे बघत राहिली.

‘मैत्रिणीला फोन करते,’ ती म्हणाली, ‘नाही येत म्हणून.’

आणि खोलीकडे जाता जाता दारात थांबून, सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने आमच्या घरात काहीतरी मागितलं.

‘काकू, भूक लागली. काही आहे का खायला?’